दुसऱ्याने बांधायचा फेटा

माझा जावई वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी अडवायला नको. दारू पीत नाही, जेवल्यावर स्वतःचं ताट उचलून घासून ठेवतो, माझ्याशी कधी वर आवाजात बोललेला नाही. अमेरिकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. मग त्याच्यावर तुझा इतका राग का, असं आमच्या घरातले हे मला सारखं विचारतात. तोंडावर मी त्याला जावईबापू म्हणते, अहो-जाहो करते, पानात आग्रहाने वाढते. सासूला दुसरं काही करता येत नाही. इथे मात्र मी त्याला 'तो' म्हणणार आहे. तेवढं तरी मला करू द्या.

सायकलचं वेड आमच्या घरात लेकीने आणलं. कॉलेजात असताना ती पहाटे उठून पन्हाळ्याला जाऊन यायची, आणि जुलै आला की फ्रान्समधली ती तीन आठवड्यांची शर्यत टीव्हीवर लावून बसायची. मी भाजी निवडत शेजारी बसायचे. सुरुवातीला मला तो सगळा रिकामटेकड्यांचा कारभार वाटायचा. एवढी माणसं एका घोळक्यात तासन्‌तास सायकल मारताहेत आणि कुणी कुणाला मागे टाकत नाही, ही कसली शर्यत? मग लेकीने एकेक गोष्ट समजावली. पिवळ्या जर्सीवाला, म्हणजे एकूण शर्यतीत आघाडीवर असलेला, पडला किंवा त्याची सायकल बिघडली, तर बाकीचे वेग कमी करतात, त्याला परत घोळक्यात येऊ देतात. हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नाही. तो लघवीला थांबला तर तेवढ्यात डाव साधून पळायचं नाही, हाही रिवाज. हे ऐकून मी इतकी हसले की मांडीवरची मेथी सगळी खाली सांडली. पण मनात म्हटलं, माणसं सभ्य आहेत.

तिथे सगळे संत बसलेत असं नाही. औषधं टोचून पळणारे निघाले, कोपर मारून दुसऱ्याला पाडणारे निघाले, पुढचा पडलेला बघून मुद्दाम पळालेलेही निघाले. पण तसा पळालेला माणूस जिंकला तरी लोक त्याला वर्षानुवर्षं ऐकवतात. मला तेवढं पुरेसं वाटतं. चूक करणारे सगळीकडे असतात, ती चूक होती हे मानणारे कमी असतात.

लेक लग्न करून अमेरिकेला गेली आणि तिची सायकल जिन्याखाली पडून राहिली. मी शाळेतून निवृत्त झाले, घरात बसून ह्यांच्याशी भांडायचा कंटाळा आला, आणि एक दिवस ती सायकल बाहेर काढली. गुडघे फोडून घेतले, पण शिकले. आता दर रविवारी आमच्या क्लबाबरोबर जाते. क्लब म्हणजे काय, सगळ्या वयाची, सगळ्या गल्ल्यांतली माणसं. त्यात गुळाचे व्यापारी असलेले एक म्हातारे जैन गृहस्थ आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. शिलाईचं दुकान चालवणाऱ्या एक भाभी आहेत, त्या सलवार घोट्याशी क्लिपने आवळून असा चढ चढतात की जवान पोरं मान खाली घालतात.

आमचेही दोन रिवाज आहेत. पहिला असा की, कुणाची चेन पडली, टायर बसला, की आसपासच्यांनी पाय टेकायचे. तो निघाला की मग सगळ्यांनी निघायचं. दुसरा वर्षातून एकदाचा. थंडीत आम्ही वाघबिळापासून पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत चढाची शर्यत लावतो. बक्षीस म्हणजे एक फेटा, आणि तो दुसऱ्या आलेल्याने पहिल्या आलेल्याच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने बांधायचा. हे अण्णांनी सुरू केलं. ते म्हणतात, "जिंकणाऱ्याला कळाय पायजे की, आपल्या मागं कोन हुतं ते." फेटा बांधायला वेळ लागतो. तेवढा वेळ जिंकलेल्याला मान वाकवून हरलेल्यासमोर उभं राहावं लागतं. मला हा रिवाज फार आवडायचा. या वर्षीपर्यंत.

या थंडीत लेक आणि जावई आले. लेक वाळली होती. विचारलं की हसायची आणि विषय बदलायची. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आई, मी काही महिने इथंच राहिले तर चालेल?" मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला, घर कुणाचं आहे? तिचं काम कुठूनही करण्यासारखं, कॉम्प्युटर उघडला की झालं. पण रात्री जेवताना तिने विषय काढला आणि त्याने घास खाली ठेवला. "ओके. राहायचं एक सॉलिड कारण सांग." तिने एक सांगितलं, त्याने ते खोडलं. दुसरं सांगितलं, तेही खोडलं. आवाज चढवला नाही, की कपाळाला आठी नाही. शेवटी ती गप्प झाली आणि तो पुन्हा जेवायला लागला. समोरचं माणूस गप्प बसलं म्हणजे आपण जिंकलो, असं त्याला खरंच वाटतं. मी त्याच्या वाटीत पांढरा रस्सा वाढला. 

तो स्वतः तिकडे पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीत भाग घेतो. आमच्या क्लबाची गोष्ट निघाली तेव्हा मी कौतुकाने चेन पडल्यावर थांबायचा रिवाज सांगितला. तो हसला. "आई, पण हे तर फिक्सिंग झालं. तुमच्याकडे काय म्हणतात त्याला? नूरा कुस्ती."

कोल्हापुरात बसून कुणाच्या खेळाला नूरा कुस्ती म्हणायचं! आधीच ठरवून, लोकांना फसवून खेळलेल्या कुस्तीला आम्ही तो शब्द वापरतो, आणि तो ज्याला लागतो तो पैलवान वर्षभर तोंड लपवत फिरतो. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मला डोळ्यांनीच गप्प बस म्हणून खुणावलं. जावई ना!

तो पुढे बोलत राहिला. तिकडे खेळ बरोबरीत सोडवत नाहीत, निकाल लागेपर्यंत खेळवतात. तिकडे दुसऱ्या नंबरला कुणी ओळखत नाही, म्हणून तर प्रत्येक जण जीव तोडून खेळतो. समोरच्याची सायकल बिघडली तर ती त्याची तयारी कमी पडली, त्याची शिक्षा बाकीच्यांनी का घ्यायची? ह्यांनी त्याला आधीच्या खेपेला कुस्तीच्या मैदानात नेलं होतं. दोन पैलवान पाऊण तास झुंजले, कुस्ती बरोबरीत सुटली, लोकांनी दोघांनाही डोक्यावर घेतलं. हा घरी येईपर्यंत विचारत होता, "पण मग जिंकलं कोण?"

"आणि आई," तो म्हणाला, "इथे फुटबॉलच्या मॅचला दगड पडतात. पोलीस बोलवावे लागतात. आमच्याकडे रिप्लेमध्ये बघतात, निर्णय देतात, विषय संपला."

"आमच्याकडं म्हणजे कुठं? पुण्याला?" मी विचारलं. पुण्यात जन्मलेला, वाढलेला माणूस हा. तो हसला, पण मला हसू आलं नाही. कारण दगडांचं तो बोलला ते खोटं नव्हतं. पेठापेठांतली पोरं मॅच हरल्यावर काय करतात ते मला माहीत आहे, त्यातली काही तर माझ्याच वर्गात शिकून गेली. खरं बोललेल्या माणसाचा राग येतो तेव्हा तो जास्तच येतो.

शर्यतीला तोही येतो म्हणाला. लेकही येते म्हणाली. तिची जुनी सायकल मी आता वापरते, ती मी तिला दिली आणि स्वतःसाठी दुसरी मागून आणली. त्याला क्लबातल्या एका डॉक्टरांनी आपली भारी सायकल दिली. पाहुण्याला चांगली वस्तू द्यायची, हे आमच्या गावाचं खूळ.

सकाळी नदीच्या पुलावर धुकं होतं. उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, ट्रॅक्टरवर गाणी लावलेली. वाघबिळाला चहा झाला. अण्णांचा श्वास अलीकडे पुरत नाही, म्हणून ते फेटा घेऊन जीपमधून आधीच नाक्यावर गेले होते. भाभींनी रुमाल हलवला आणि आम्ही सुटलो.

लेकीला मी चढावर कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. वाळलेली, थकलेली पोर पहिल्याच वळणाला सगळ्यांच्या पुढे! जागेवर स्थिर बसून, खांदे न हलवता, पूर्वीसारखीच. तिच्या मागे थोड्या अंतरावर तो, उठून जोर लावतोय, बसतोय, पुन्हा उठतोय. मग भाभी आणि पोरांचा घोळका, आणि घोळक्याच्या शेपटाला मी. मला धाप लागली होती, पण मी खुशीत होते. म्हटलं, आज ही ह्याला हरवते. आज हा स्वतःच्या हाताने हिला फेटा बांधतो. मनातल्या मनात मी तो फेटा बांधूनही टाकला होता.

वरच्या बाजूला रस्ता एकदम अंगावर येतो. तिथे तिने गिअर बदलला आणि चेन पडली. पाय मोकळे फिरले, सायकल डगमगली, ती एका पायावर उतरली. मी खालच्या वळणावर होते, तिथून सगळं समोर दिसत होतं. तो तिच्या बाजूला आला. त्याने मान वळवून बघितलं. चेन लोंबतेय हे बघितलं, तिच्याकडे बघितलं. आणि मग सीटवरून उठला आणि निघून गेला.

बघितलं नसतं तर मी सोडून दिलं असतं. त्याने बघितलं.

घोळका तिच्यापाशी पोहोचला आणि सगळ्यांनी पाय टेकले. कुणी कुणाला सांगितलं नाही. ज्या पोरांना ही शर्यत जिंकायची खुमखुमी होती तीही उतरली. भाभी खाली बसल्या, चेन बसवायला हात लावला. मी पोहोचले ती ओरडतच पोहोचले. "आगं, बघून गेला की गं त्यो! मानूस हाय का कोन हाय!" आणखी बरंच बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. शाळेतल्या बाईंच्या तोंडून ते ऐकून पोरं दरीकडे बघायला लागली.

"आई, ओरडू नकोस," लेक म्हणाली. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तो थांबत नाही ते."

मी तिला बाजूला ओढलं. चेन बसेपर्यंत, दरीच्या कठड्याला टेकून, तिने सांगितलं. गेल्या वर्षी तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. आम्हाला फोनवर दोघांनीही सांगितलं होतं, किरकोळ आहे, काळजी करू नका. तिला घरी सोडणार होते त्याच दिवशी त्याची ती तिहेरी शर्यत होती. त्याने तिला विचारलं, रद्द करू का? ती 'जा' म्हणाली. तो गेला. ऑफिसातल्या एका बाईने तिला गाडीतून आणलं, खाली सोडलं, आणि ही टाके सांभाळत, कठडा धरून जिना चढली. संध्याकाळी तो गळ्यात मेडल घालून आला.

"मी जा म्हणाले होते ना," लेक म्हणाली. "नियमात बसतंय ते. मी नंतर भांडले तर म्हणाला, मी विचारलं होतं. खरंच विचारलं होतं त्याने. काय कारण सांगू मी त्याला राहायचं? प्रत्येक वेळी तोच बरोबर असतो."

मला काय वाटलं ते सांगते. मला त्या दरीत काहीतरी फेकावंसं वाटलं. सातासमुद्रापलीकडे माझी पोर टाके सांभाळत जिना चढते आणि मी इथे फोनवर मेथीच्या लाडवांची कृती सांगते! आणि हा तिला 'विचारतो'! बायको ऑपरेशन करून घरी येणार, तर माणूस विचारत बसतो होय? घोळक्यातला कुठला कोण सायकलवाला, भाषा वेगळी, देश वेगळा, तो न विचारता वेग कमी करतो.

आधी चेन ओढून बघताना काळे झालेले तिचे हात भाभींनी आपल्या ओढणीने पुसले आणि आम्ही निघालो. आता कुणाला घाई नव्हती. सगळे एका चालीने चढत होते. शेवटच्या वळणावर, नाका दिसायला लागल्यावर, पोरांनी आपोआप वेग कमी केला. भाभींनी हात पुढे केला. "जा पोरी, तू हो फुडं." सगळ्यांच्या मनात तेच होतं, पोर पुढे होती, तिचा मान तिला द्यायचा. मीसुद्धा म्हटलं, "व्हय, जा." ती आमच्याकडे बघून हसली आणि पुढे झाली.

अण्णांचा आवाज ऐकू आला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "लेक दुसरी आली बगा! या, फेटा बांधा!"

सगळ्यांनी मिळून, प्रेमाने, आम्ही तिला दुसरी केली होती. जो तिला रस्त्यावर टाकून गेला त्याच्या डोक्यावर फेटा बांधायला तिलाच उभं केलं होतं. एवढ्या माणसांत एकालाही हे सुचलं नाही. भाभींनी कपाळावर हात मारला.

तो नाक्याजवळच्या झाडाखाली उभा होता. घड्याळात आपला वेळ बघत होता. माझा चेहरा बघून स्वतःहूनच म्हणाला, "आई, मी थांबलो असतो तर तो तिचा अपमान झाला असता. बायको आहे म्हणून सूट द्यायची? मी तिला बरोबरीची खेळाडू मानतो."

वाक्य ऐकायला चांगलं होतं. सभेत म्हटलं तर टाळ्या पडतील. माझ्या तोंडाशी आलं होतं की, बायको म्हणून कोण थांबलं? अण्णांची चेन पडली तरी आम्ही थांबतो, डॉक्टरांची पडली तरी थांबतो, तुझी पडली असती तरी थांबलो असतो, मेल्या! पण मी जीभ चावली. इतक्या माणसांत जावयाचा पाणउतारा केला तर तो माझ्या लेकीच्याच डोक्यावर येणार, हे मला ठाऊक होतं. आणि तेवढ्यात अण्णांना कुणीतरी कानात काय झालं ते सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "मी बांधतो. पावणं हाईत, मोठ्याच्या हातनं बांधूया."

"न्हाय अण्णा," लेक म्हणाली. "दुसरी मी हाय. मीच बांधणार."

तिने कापड घेतलं. आमच्या घरात लग्नाकार्यात फेटे तिचे वडीलच बांधतात, त्यांच्याकडून ती लहानपणी शिकली होती. तो मान वाकवून उभा राहिला. तिने एक टोक त्याच्या दातांत दिलं, दुसऱ्या टोकाला पीळ भरला आणि सावकाश, एकावर एक, घट्ट वेढे घेत गेली. कुठे सैल नाही, कुठे वाकडं नाही.  त्याच्या तोंडात कापड होतं, त्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. आणि तेव्हाच ती बोलली, हळू, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"पुढच्या आठवड्यात तू जा. मी न्हाय येत. कारण इचारू नको, माझ्याकडं न्हाय. मला यायचं न्हाय, एवढंच हाय."

मग तिने तुरा काढला, शेमला पाठीवर सोडला, मागे होऊन बघितलं. फेटा सुंदर झाला होता. अण्णांनी सवयीने टाळी वाजवायला हात वर केले आणि तसेच खाली घेतले.

तो माझ्याकडे वळला. "आई, तुम्ही सांगा ना तिला." पहिल्यांदाच त्याच्याकडे मुद्दा नव्हता.

"जावईबापू," मी म्हटलं, "ती काय लहान हाय व्हय? बरोबरीची हाय म्हणालासा की आत्ताच." सासूच्या मर्यादेत राहून एवढंच बोलता आलं. आजही कमीच वाटतं.

उतरायची वेळ झाली. फेट्यावर हेल्मेट बसत नाही. हेल्मेट हँडलला अडकवून तो निघाला. फेटा काढला असता तरी चाललं असतं, पण त्याने काढला नाही, का ते मला माहीत नाही. वारा लागला की शेमला तोंडावर यायचा, एका हाताने तो सावरायचा, दुसऱ्याने ब्रेक. सगळ्यांत मागे पडला. आणि आमचा रिवाज चढाला तसा उताराला. मागचा दिसेनासा झाला की थांबायचं. प्रत्येक वळणावर आम्ही सगळे पाय टेकून उभे, त्याच्यासाठी! मी तर दात खात उभी होते. एका वळणावर मी म्हटलं, "चला की, येईल त्यो." लेकीने मान हलवली आणि तिथेच उभी राहिली.

वाघबिळाला तो बराच उशिरा आला. धापा टाकत, तोंड लाल झालेलं. रस्त्याच्या कडेला आम्ही सगळे, आणि सगळ्यांत पुढे लेक, एक पाय जमिनीवर. तिला बघून त्याचा चेहरा उजळला. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला त्याची दया आली.

"तू थांबलीस माझ्यासाठी?" त्याने विचारलं.

"आम्ही सगळ्यांसाठीच थांबतो की," ती म्हणाली आणि पॅडलवर पाय ठेवला.

पुढच्या आठवड्यात तो एकटाच गेला. फेटा घरीच विसरला. मी तो धुऊन, घडी घालून अण्णांकडे पोचवला, पुढच्या वर्षी लागेल म्हणून.